टाकीवरून वळव

बसच्या पाठीवर ‘भरवशाची बस’ असं मोठ्या हिरव्या अक्षरांत रंगवायची कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली, देव जाणे. रंग मात्र चांगला लावला होता. बस सुटल्यावर मागून धावणाऱ्या माणसाला ती अक्षरं लांबूनसुद्धा वाचता यायची.

या बस जिथून हलवल्या जायच्या ती खोली आगाराच्या दुसऱ्या मजल्यावर होती. समोर भिंतभर पडदा, पडद्यावर शहरातले रस्ते आणि रस्त्यांवर सरकणारे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक बस. टेबलावर वायरलेस, दोन फोन आणि कोणीही कधी नीट न विसळलेला एक कप. त्या टेबलामागे बसणाऱ्या नियंत्रकाला अख्खं आगार मिनिटराव म्हणायचं. नाव चेष्टेत पडलं होतं, पण त्याला ते आवडायचं. माणूसच तसा होता. घरी ताट यायला जरा उशीर झाला की बायकोकडे न बघता आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा, आणि बायको आतून म्हणायची, “वळवा मला टाकीवरून.”

हा टाकीवरून वळवण्याचा प्रकार काय, ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यातच आहे.

स्टेशनवरून एक बस निघायची, पूल ओलांडून बाजारातून पाण्याच्या टाकीपर्यंत यायची, आणि तिथून पुढे गोदामांच्या ओसाड रस्त्याने शेवटच्या वस्तीला जायची. त्या वस्तीला सगळे नुसतं ‘टोक’ म्हणायचे. आता पुलावर रोज सकाळी खोळंबा ठरलेला. बस टाकीला पोचेपर्यंत तिची वेळ टळलेली असायची. ती तशीच टोकाला गेली, तर परत यायला आणखी उशीर, मग पुढची फेरी उशिरा, मग त्याच्या पुढची, आणि दुपारपर्यंत सगळ्या मार्गाचा बोऱ्या वाजलेला. मिनिटराव काय करायचा, तर वायरलेस उचलून सांगायचा, “टाकीवरून वळव.” ड्रायव्हर टाकीला वळसा घालून बस परत फिरवायचा, आणि परतीची फेरी अगदी घड्याळाच्या काट्यावर सुटायची. स्टेशनवरचे शेकडो लोक खूष, बाजारातले खूष, वरचे साहेब तर फारच खूष. टोकावर जे कोणी उभे असतील ते उभे असतील. तिथे बस आलीच नाही, म्हणजे ती उशिरा आली असंही कोणाला म्हणता येत नव्हतं. कामकाजाच्या हिशेबात टोक नावाचा त्रास दिसतच नसे.

आणि त्याच टोकावर मिनिटरावची सख्खी थोरली बहीण राहायची.

ताईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे राहिली होती ती, अंथरुणाला खिळलेली सासू, आणि दोन खोल्यांचं घर. सासूला हलवणं शक्य नव्हतं आणि घर विकून शहरात काय मिळणार, तर जिन्याखालची जागा. म्हणून ताई टोकावरच राहिली. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं उकळत्या पाण्यातून काढायचं, पिळायचं, मोठ्या तापत्या रुळांतून सरकवायचं. वर्षानुवर्षं रोजंदारीवर काढल्यावर आता कुठे तिला कायम करायचं घाटत होतं. कायम झाली की आजारपणाची रजा, म्हातारपणी थोडं पेन्शन, आणि मुख्य म्हणजे उद्या काम असेल का ही रोजची धाकधूक संपली. मुकादमीणबाई तिला म्हणाल्या होत्या, “तुझ्या कामात खोट नाही गं, पण तुझ्या नावापुढे उशिराचे शेरे आहेत. आता आणखी एकही पडला, तर मी तुझ्यासाठी भांडू शकणार नाही.”

ताई भावाच्या घरी आली की तेच बोलायची. “धाकट्या, तुमची बस कुठे अडकते रे रोज?”

“ट्रॅफिक, ताई. पुलावर मरणाचं ट्रॅफिक असतं.”

“अरे, उशिरा येऊ दे की. मी घरून लवकर निघून उभी राहीन. उशिरा येणाऱ्या बसचं काही नाही, येईल की नाही तेच कळत नाही, त्याचा त्रास आहे.”

मिनिटराव मान हलवायचा आणि बायकोला चहा टाकायला सांगायचा. आपण तिची बस वळवतो असं त्याला वाटतच नव्हतं. तो एक ठिपका वळवायचा. माणूस वाईट नव्हता हो. पण रोज जे करतो त्याचं माणसाला काही वाटेनासं होतं, तसं त्याचं झालं होतं.

बस नाही आली की ताईला एक आधार होता. टोकाच्या पलीकडच्या गोठ्यांवरून दुधाची गाडी शहरात जायची. तिचा ड्रायव्हर भला माणूस. थोडा वेळ थांबायचा, बस दिसली नाही तर ताईला पुढे बसवून घ्यायचा. बाकीच्यांना तोही आधार नव्हता. शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणींनी सायकली घेतल्या. शाळेतल्या शिपायाने बाजारात खोली बघितली. पेन्शनर आजोबांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणंच सोडून दिलं. म्हणायचे, “आता काय बघायचं राहिलंय, बस तर दिसत नाही.”

असं चाललं असताना वरून ‘भरवशाची बस’ ही योजना आली. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की एक जादा सकाळची बस मिळते आहे, ती कोणत्या थांब्याला द्यायची ते ठरवायचं आहे, आणि जिथे माणूसच नाही असे थांबे बंद करायचे आहेत. टोकाच्या थांब्यावर त्यांनी आधीच बोट ठेवलं होतं. “तिथे कोणी उभं नसतं,” ते म्हणाले.

मिनिटराव सहसा साहेबांपुढे बोलायचा नाही. त्या दिवशी बोलला. “बस जात नाही म्हणून कोणी उभं राहत नाही, साहेब. एकदा मोजून बघा. माणसं आहेत तिथे.”

साहेब काही आडमुठे नव्हते. “बरं,” ते म्हणाले. “सोमवारी सकाळच्या बसमध्ये मोजणीवाला बसवतो. टोकावर माणसं चढली तर जादा बस टोकाची. नाही चढली तर थांबा बंद. मग मात्र माझ्याकडे तक्रार घेऊन यायचं नाही.”

मिनिटराव त्याच संध्याकाळी ताईकडे गेला. किती महिन्यांनी गेला होता कोण जाणे. सासूबाईंच्या उशाशी बसून त्याने सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाला, “ताई, जेवढी माणसं जमतील तेवढी सोमवारी उभी कर. एक दिवस. पुढचं मी बघतो.”

ताईचा चेहरा असा उजळला, की मिनिटरावला आपण इतके दिवस का आलो नाही असं वाटलं. शनिवार-रविवार ती दारोदार फिरली. लोक सहजासहजी ऐकणारे नव्हते. सायकली घेतलेल्या बहिणी म्हणाल्या, “आता कशाला? आम्हाला सवय झाली.” ताई म्हणाली, “माझा भाऊ तिथे बसलाय, तो शब्द देऊन गेलाय.” भावाच्या शब्दावर तिने सगळ्यांना राजी केलं. आजोबांनी डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली.

सोमवार उजाडला. त्या मार्गावर ज्याला पाठवायचं होतं त्या ड्रायव्हरचं नाव पैलवान. अंगाने काडी होता, म्हणून पैलवान. ताईला तो ओळखायचा. त्याच्या बसमध्ये पुढच्या सीटवर मोजणीवाला बसला. मिनिटरावने पैलवानला निघण्याआधी खिडकीतून सांगितलं, “आज नीट जा.” पैलवानने हात केला. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

आणि पुलावर लोखंडी पाइपांनी भरलेला ट्रक कलंडला. पाइप रस्ताभर पसरले. पडद्यावरचे ठिपके एकामागे एक येऊन पुलाशी चिकटले. दोन्ही फोन एकदम वाजायला लागले, वायरलेसवर चार ड्रायव्हर एकाच वेळी बोलायला लागले, आणि मिनिटरावच्या अंगात वारं संचारलं. खोटं कशाला बोला, असा दिवस आला की तो खुलायचा. एक बस बाजाराच्या मागच्या गल्लीतून काढली, दुसरी स्टेशनवरच धरून ठेवली, तिसरी रिकामी करून चौथ्या मार्गाला जोडली. पुलावरची एक बाजू मोकळी झाली तशा बस सुटत गेल्या आणि तो प्रत्येकीला जागच्या जागी बसवत गेला. मान वर करायला फुरसत नव्हती.

“टाकीला आलोय,” वायरलेसवर पैलवानचा आवाज आला. “बराच उशीर झालाय. काय करू?”

“टाकीवरून वळव,” मिनिटराव म्हणाला. दुसऱ्या हातात फोन होता.

“वळवू? आज?”

“एकदा सांगितलं ना. वळव.”

पैलवान “बरं” म्हणाला. त्याला वाटलं, वरून काही वेगळं ठरलं असेल. ड्रायव्हरने प्रश्न विचारायचे नसतात, हे त्याला याच माणसाने शिकवलं होतं.

थोड्या वेळाने पडद्यावर ठिपके कसे सारख्या अंतरावर दिसायला लागले. मोठे साहेब स्वतः खोलीत आले, पडद्याकडे बघत राहिले आणि मिनिटरावच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुम्ही आहात म्हणून हे गाडं चाललंय.” मिनिटरावने न विसळलेल्या कपात चहा ओतून घेतला. सकाळपासूनचा पहिला घोट. तेवढ्यात त्याचा स्वतःचा फोन वाजला.

“धाकट्या,” ताई म्हणाली. तिच्यामागे बऱ्याच माणसांचे आवाज होते. “अरे, सगळे आलेत बघ. आजोबा तर घरून खुर्ची घेऊन आलेत. चांगले कपडेबिपडे करून आलेत सगळे, कोणी तपासायला येणार म्हणून. बस कुठपर्यंत आली?”

मिनिटरावने पडद्याकडे बघितलं. टोकाच्या रस्त्यावर एकही ठिपका नव्हता. पैलवानचा ठिपका बाजार ओलांडून स्टेशनकडे चालला होता, अगदी वेळेवर.

“ऐकतोयस ना? दुधाची गाडी उभी आहे. तो विचारतोय, येता का. माझी वेळ होत आली रे. जाऊ की थांबू?”

इथे त्याने खरं सांगायला हवं होतं. जा ताई, माझी चूक झाली, तू जा, एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? पण त्याला वाटलं, मागची बस आहे, ती थेट टोकाला दामटू, मोजणीवाल्याला वाटेत उतरवून तिच्यात बसवू, सगळं सावरेल. ताई गेली तर बाकीचेही पांगतील आणि मोजायला कोणी उरणार नाही. आणि लाज वाटली, हेही खरंच. लाजच जास्त वाटली.

“येतेच आहे,” तो म्हणाला. “थांब तू.”

“नक्की ना?”

“नक्की.”

फोनवर त्याला ऐकू आलं, ताई कोणाला तरी सांगत होती, “तुम्ही जा दादा, आमची बस येतेय.” मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

त्यानंतर त्याने जी धडपड केली ती बघवत नव्हती. मागची बस गाठली, तर तिच्या पुढ्यात पाइप उचलायची क्रेन आडवी उभी. मोजणीवाल्याला फोन लावला, तर तो पैलवानच्याच बसमधून स्टेशनवर उतरून नाश्त्याला गेलेला. “टोकाचं काम झालं की माझं,” तो तोंडात घास घेऊन म्हणाला. “बस टाकीवरून फिरली. पुढे चढलेले प्रवासी, शून्य. कळवून टाकलंय मी.”

मागची बस टोकाला पोचली तेव्हा तिथे ताई एकटी उभी होती. आजोबा खुर्ची उचलून परत गेले होते. त्या बसने ताई इस्पितळात गेली. शेरा पडला. मुकादमीणबाईंनी शब्द दिला होता तसं झालं, त्या भांडल्या नाहीत. कायम होण्याच्या जागेवर दुसरीचं नाव लागलं आणि महिना संपल्यावर रोजंदारीवालीची गरज उरली नाही.

मिनिटराव साहेबांकडे गेला. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, वळव कोणी म्हटलं तेही सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“तुम्ही चुकीचं काय केलंत?” ते म्हणाले. “त्या परिस्थितीत मीही वळवली असती. एका टोकासाठी सगळा मार्ग लटकवायचा का? उलट यावरून हेच सिद्ध होतं, की टोक झेपणारं नाही.”

“पण माणसं उभी होती, साहेब.”

“असतील. पण मोजली कोणी? आता पुढच्या वर्षी बघू.” मग जरा मऊ आवाजात म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका. तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत.”

त्याच दिवशी संध्याकाळी तो ताईकडे गेला. ती सासूबाईंना भरवत होती. त्याच्याकडे न बघता म्हणाली, “बस.” मग बराच वेळ नुसता चमचा वाटीला लागल्याचा आवाज.

“ताई, त्या दिवशी बस मीच...”

“पैलवानने सांगितलं.” तिने सासूबाईंचं तोंड पुसलं. “मला एवढंच सांग. त्याच दिवशी, की रोज?”

त्याने मान खाली घातली. ताईने वाटी खाली ठेवली.

“रोज तूच होतास तर,” ती म्हणाली. “आणि मी इथे सगळ्यांना सांगत फिरले, माझा भाऊ आहे तिथे.”

ती रडली नाही, भांडली नाही. चहा विचारला. त्याने नको म्हटलं, तर आग्रह केला नाही. यापूर्वी तिने आग्रह केला नाही असं कधी झालं नव्हतं. तो तसाच उठला. परत जायला बस नव्हती, म्हणून टाकीपर्यंत चालत गेला. गोदामांच्या त्या रस्त्याने तो आयुष्यात पहिल्यांदा चालत होता. रस्ता पडद्यावर बोटाएवढा दिसायचा.

पुढे टोकाच्या थांब्याची पाटी काढून नेली. बस आता टाकीपर्यंतच जाते आणि टाकीवरूनच वळते, कोणी काही न सांगता. मार्गाची वेळ आता कधी चुकत नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर मिनिटरावचं कौतुक केलं आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. बायकोने विचारलं, कुठे लावू? तो म्हणाला, राहू दे खोक्यात.

ताईला बाजारापलीकडच्या एका खानावळीत भांडी घासायचं काम लागलं. हेही मिनिटरावला पैलवानकडूनच कळलं. फोन करायचा तर तो काय बोलणार होता?

एका सकाळी पैलवानची बस टाकीवर सुटायच्या तयारीत होती. वायरलेसवर त्याचा आवाज आला, जरा दबका.

“साहेब, तुमची ताई येताना दिसतेय. गोदामांकडून. अजून लांब आहे. थांबू का?”

मिनिटरावने पडद्याकडे बघितलं. ठिपका टाकीपाशी उभा होता. सुटायची वेळ झाली होती, आणि मग होऊन गेली. नोकरीला लागल्यापासून त्याने असं कधी केलं नव्हतं.

“थांब,” तो म्हणाला.

“आतली माणसं कुरकुर करतायत.”

“करू दे. थांब तू.”

मागच्या बसचा ठिपका जवळ यायला लागला. स्टेशनवरून फोन वाजला, त्याने उचलला नाही. टेबलाची कड धरून तो वायरलेसकडे बघत बसला. ती बसमध्ये चढली, एवढंच पैलवानने म्हणावं, बाकी त्याला काही नको होतं.

“आल्या,” पैलवान म्हणाला. मग काही क्षण काहीच नाही. “साहेब, त्या पुढे गेल्या.”

“पुढे म्हणजे?”

“बसजवळून सरळ पुढे चालत गेल्या. मी हाक मारली. म्हटलं, ताई, बसा, तुमच्यासाठी थांबवलीय. तुमच्या भावाने थांबवलीय म्हटलं.”

“मग?”

“थांबल्या जरा. म्हणाल्या, राहू दे बाबा. चालत गेलं की कधी पोचेन ते तरी कळतं.”

पडद्यावर ठिपका तसाच उभा होता. चालणारी माणसं त्या पडद्यावर दिसत नाहीत.

“काय करू, साहेब?” पैलवानने विचारलं. “उशीर झालाय.”

“काढ,” तो म्हणाला, आणि त्याने स्टेशनचा फोन उचलला.